गाडीतला अनोळखी माणूस

नमस्कार मंडळी. परवा सातारला आमच्याच गल्लीत एका घरी प्रार्थनासभा होती, दारात चपलांचा ढीग, खाली सतरंजी, पेटी, ढोलकी, आणि एक आजी डोक्यावरून पदर घेऊन टाळ धरून बसलेल्या. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं भजन चाललंय. तर भजनच होतं ते, येशूचं, ख्रिस्ती झालेले मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी लिहिलेलं.

लोक मला विचारतात, हा ख्रिस्ती विश्वास एवढ्या लांब पोचला कसा? मला वाटतं, ज्यांची नावं कुणाला माहीत नाहीत अशा माणसांमुळे. बायबलच्या नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, त्याचा अकरावा अध्याय काढून बघा. यरुशलेमेत छळ झाला, लोक पांगले, त्यातले कुप्र बेटावरचे आणि कुरेने शहरातले काहीजण अंत्युखिया शहरात जाऊन ग्रीकांशी बोलले, आणि "ख्रिस्ती" हे नाव पहिल्यांदा त्याच शहरात पडलं. बोलणारे कोण होते ते लिहिलेलंच नाही.

टिळकांचंही तसंच झालं बघा. १८९३ च्या सुमारास ते राजनांदगावला निघालेले, डब्यात एक गोरा प्रवासी भेटला, कवितेवर गप्पा रंगल्या आणि उतरायच्या आधी त्यानं नवा करार त्यांच्या हातात ठेवला. त्याचं नाव टिळकांना कधीच कळलं नाही. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर तर आभाळच कोसळलं, काही वर्षं दोघांची ताटातूट झाली, ते दुःख खरं होतं आणि ते सांगितल्याशिवाय पुढं जाऊ नये.

पण पुस्तक परक्याच्या हातून आलं तरी चाल आपलीच राहिली. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणायचे, ओवी, अभंग, कीर्तन काहीच सोडलं नाही त्यांनी. १९१७ साली ते साताऱ्यात आले आणि "देवाचा दरबार" सुरू केला, बाप्तिस्मा झालेले न झालेले सगळेच त्यात येशूचे शिष्य म्हणून बसू शकत होते. त्या काळात केवढं धाडस म्हणायचं हे! दोनच वर्षांत ते गेले. आपल्या मिरजेत मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ ला दवाखाना उभा केला, तो मार्ग वेगळा, पण पेटी-टाळावर माझा जीव जास्त.

परवाची सभा संपली, चहा आला. शेजारची नवी भाडेकरू बाई मघापासून उंबऱ्याशी उभी होती, तिनं आजींना विचारलं, ते शेवटचं गाणं लिहून द्याल का? आजींना लिहिता येत नाही. त्यांनी तिला शेजारी बसवलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा म्हणायला लागल्या.