बांधावरची अंबाडी आणि वाखाचं गणित

मंडळी, ‘केनाफ’ हे नाव वाचून काही जण विलायती बियाणं बघायला आले असतील. त्यांना आधीच सांगतो, केनाफ म्हणजे आपली अंबाडी. ज्वारीच्या कडेनं आपण लावतो, कण्या घालून, लसणाची फोडणी देऊन खातो, तीच. पोळ्याला बैलांना नवा कासरा, नवी वेसण हिच्याच सालीतून निघणाऱ्या वाखाची, म्हणजे धाग्याची असायची. नायलॉन आलं आणि वाख मागे पडला.

बाहेर मात्र तिची किंमत कळली होती. दुसऱ्या महायुद्धात आशियातून येणारा ताग आटला, तेव्हा अमेरिकेनं तिच्यावर संशोधन सुरू केलं. पुढे कागदासाठी शेकडो वनस्पती तपासल्या, त्यात ही वरचढ ठरली. 1987 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका दैनिकानं अंबाडीच्या कागदावर अंक छापून पाहिला. आपल्याकडे फाळणीत तागाची बरीचशी शेतं पलीकडे गेली आणि गिरण्या कलकत्त्याला राहिल्या. ती तूट भरायला आंध्रातली मेस्ता कामी आली. मेस्ता म्हणजे अंबाडी आणि तिची बहीण लाल अंबाडी, दोन्ही. भीमुनिपट्टणम बंदरावरून तिला ‘बिमली ताग’ असंही म्हणत.

पण भाजीची अंबाडी आणि वाखाची अंबाडी यांची लागवड वेगळी. भाजीसाठी आपण शेंडे खुडतो, झाडाला फांद्या फुटतात. फांदी फुटली की तिथे वाख तुटतो. वाखासाठी पेरा दाट हवा, म्हणजे झाड सरळसोट दहा-बारा फूट जातं. आणि पेरा लवकर हवा. दिवस लहान झाला की अंबाडी फुलावर येते, मग उंची थांबते. उशिरा पेरलेली बुटकीच राहणार. कापणी फुलोऱ्यात करायची. बियांसाठी थांबलात तर वाख राठ होतो, म्हणून बियाण्याचा तुकडा वेगळा ठेवा. आणखी एक, मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी तिला फार लागतात. त्या रानात मागून वांगी-टोमॅटो घेऊ नका.

इथवर सगळं सोपं. खरी अडचण पाण्याची, आणि तीही कापणीनंतर. पेंढ्या दोन-तीन आठवडे पाण्यात दगडाखाली दाबून कुजवाव्या लागतात. साल जास्त कुजली तर वाखाचा दम जातो, कमी कुजली तर तो काडीला चिकटून बसतो. आंध्र-बंगालात डबकी-तळी असतात. आपल्याकडे शेततळ्यातलं पाणी रब्बीसाठी राखलेलं, त्यात अंबाडी कुजवू कोण देईल? वास तर गावभर. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: घेणारा आणि कुजवायची जागा ठरल्याशिवाय एकरभर पेरू नका. यंदा दोन गुंठे करा, वाख स्वतः सोलून बघा. काड्या चुलीला होतीलच.

मागे बसलेल्या काकांनी विचारलंय, पान गांजासारखं दिसतं, पोलीस येतील का? पान तसं दिसतं खरं, शास्त्रीय नावातलं ‘कॅनाबिनस’ त्यावरूनच पडलंय. पण अंबाडी जास्वंदीच्या कुळातली. फिकं पिवळं, आत गडद लाल डोळ्याचं फूल आलं की हवालदारालाही कळेल.