मोगऱ्याला उपास, अबोलीला ओल

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे कोकणात घर म्हटलं की पुढे खळं, म्हणजे अंगण, खळ्यात तुळस आणि कडेला फुलझाडं. त्यात मोगरा आणि अबोली हवीच, कारण वळेसर, म्हणजे फुलांची माळ, ओवायला दोन्ही लागतात. अबोलीला रंग आहे, वास नाही. वास मोगऱ्याने द्यायचा. म्हणून बहुतेक घरांत ही दोन झाडं एकाच ओळीत लावलेली दिसतात. नळी एक, पाणी एक, शेणखताची पाटी एक. आज मला एवढंच सांगायचं आहे की ती ओळ मोडा.

मोगऱ्याला ऊन लागतं, अबोलीला सावली लागते. मोगऱ्याला थंडीत उपास लागतो, अबोलीला बाराही महिने ओल लागते. पुन्हा सांगतो: मोगऱ्याला ऊन आणि उपास, अबोलीला सावली आणि ओल.

आता एक गोष्ट. ही मी जाईन तिथे सांगतो, त्यामुळे तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. ऐकली असेल तर परत ऐका, बिघडत नाही.

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका वाडीत एक चाकरमानी निवृत्त होऊन कायमचे गावी आले. आपण त्यांना भाऊ म्हणू. घरात बायको आणि म्हातारी काकी. जन्मभर घर सांभाळलं ते काकीने. भाऊंचा स्वभाव हिशेबी, कुणावर अन्याय नको. विहिरीवर मोटार बसवली आणि सकाळ-संध्याकाळ प्रत्येक झाडाला सारखं पाणी सुरू केलं. मोगरा माणसाच्या डोक्यावर गेला. हिरवागार, पानांनी गच्च, आणि फूल म्हणाल तर एक नाही! भाऊ बाजारातून गजरे विकत आणायचे.

(गजऱ्यांचं निघालं म्हणून सांगतो, ते नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेले गजरे मला अजिबात आवडत नाहीत. दारात केळ असताना सोपाचा, म्हणजे केळीच्या खोडाच्या सालीचा, धागा काढायला काय जड जातं? सोप ओला करून ओवलं की फूल टिकतं, आणि गजरा सुकल्यावर धागाही मातीत जातो. असो.)

तर तुळशीचं लग्न झालं आणि मोटारीचं वायंडिंग जळलं. भाऊंनी मोटार एसटीत घालून बाजारात नेली. मेकॅनिक म्हणाला, "परवा देतंय." तो परवा काही उजाडेना. भाऊ आठवड्याच्या बाजाराला जायचे, तर मोटार त्याच कोपऱ्यात, त्याच गोणपाटावर. इकडे काकीने रहाट ओढायला सुरुवात केली. कळशी भरायची आणि नेमाने अबोलीला घालायची. मोगऱ्याकडे बघायचीसुद्धा नाही. भाऊंना ते खटकलं. म्हणाले, "काकी, मोगऱ्यान काय पाप केल्यान?"

काकी म्हणाली, "झिला, मोगऱ्याक उपास मानवता. अबोलीक मानवणा नाय."

मोगऱ्याची पानं पिवळी पडली, गळली. नुसत्या काड्या राहिल्या. एक दिवस भाऊ बाजारातून परत येतात तो काकीने कोयता घेऊन सगळा मोगरा गुडघ्याएवढा छाटलेला, आणि त्याच काड्यांवर न्हाणीत पाणी तापत होतं! भाऊंनी काकीशी बोलणं टाकलं. एका पंगतीला बसायचं, पण भात हवा असला तर बायकोला सांगायचं, "काकीला म्हणावं, भात वाढ." काकीही तिलाच म्हणायची, "तेका सांग, टोपात आसा, घे."

संक्रांत झाली आणि मोटार आली. काकी आपण होऊन म्हणाली, "आता घाल पाणी." तिने मोगऱ्याचं आळं खणलं, कुजलेलं शेणखत घातलं. छाटलेल्या खोडांवर कोंब फुटले, कोंबांवर कळ्या धरल्या. शिमग्याला पालखी दारात आली तेव्हा देवाला वळेसर घातलं ते घरच्या मोगऱ्याचं आणि घरच्या अबोलीचं. काकीशी बोलणं त्याच दिवशी सुरू झालं, अर्थात भातावरूनच.

पुढच्या बाजाराला भाऊ मेकॅनिककडे उरलेले पैसे द्यायला गेले, सोबत केळीच्या पानात ओंजळभर कळ्या. सगळी हकिगत सांगितली. त्याने कळ्यांचा वास घेतला आणि म्हणाला, "काकानू, मगे फुडल्या वर्सा मोटार मीच येवन जाळतंय!"

तर श्रोतेहो, यातलं शास्त्र थोडक्यात. मोगऱ्याला फूल येतं ते नव्या फुटीवर. रोज पाणी मिळालं की तो पानंच वाढवत बसतो. म्हणून तुळशीच्या लग्नानंतर पाणी तोडा, डिसेंबर-जानेवारीत जमिनीपासून साधारण दीड फुटावर छाटा, मग खत आणि पाणी सुरू करा. आणि निदान सहा तास ऊन पडेल अशी जागा द्या. माडाखाली लावलेला मोगरा फुलत नाही म्हणून नर्सरीवाल्याला दोष देऊ नका.

अबोली उलट. माडा-पोफळीची विरळ सावली तिला मानवते. पालापाचोळा कुजलेली भुसभुशीत माती, सतत ओल. पण ओल म्हणजे चिखल नव्हे, हे पुन्हा सांगतो: ओल हवी, चिखल नको. आपल्याकडचा पाऊस काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. सखल जागी लावलेल्या अबोलीची मुळं श्रावणापर्यंत कुजतात. जांभ्याच्या जमिनीत पाणी लवकर निचरतं, तरीसुद्धा वाफा वीतभर उंच करा. अबोलीच्या मुळांना सूत्रकृमींचाही, म्हणजे मातीतल्या बारीक जंतांचाही, त्रास होतो, झाड खुजं राहतं. शेजारी झेंडू लावला तर तो त्रास कमी होतो.

हल्ली मात्र लावायचं कुठे, हाच प्रश्न आहे. ज्याच्या त्याच्या खळ्यात पेव्हर ब्लॉक. शेणाने सारवलेलं खळं गेलं, भेगांतून उगवणारी तेरडा-अबोली गेली, आणि दारात चिखल होत नाही याचं मात्र कौतुक! मला विचाराल तर चिखल परवडला. पण मला कोण विचारतो?

फुलं खुडायची रीतही वेगळी. मोगऱ्याची कळी भल्या पहाटे, पांढरी टपोरी झालेली, उमलण्याआधी खुडायची. अबोलीचं कणीस खालून वर उमलत जातं, तेव्हा एक दिवसाआड फुलं काढा, कणीस मोडू नका. ते वाळेपर्यंत झाडावर राहू दिलंत तर त्यात बी धरतं. वाळक्या बोंडाला पाणी लागलं की ते तडकतं आणि बी लांब उडतं. लहान मुलांना वाटीभर पाण्यात टाकून दाखवा, अभ्यास विसरतील. मृगाच्या पहिल्या सरीत ही बोंडं आपोआप तडकतात आणि पंधरा-वीस दिवसांत झाडाखाली रोपं दिसू लागतात. ती चार-सहा पानांची झाली की उचलून सावलीत लावा. मोगऱ्याला मात्र बियांची वाट बघू नका. पावसाच्या सुरुवातीला खालची फांदी वाकवून मातीत दाबा, वर दगड ठेवा, मुळं धरली की दसऱ्यानंतर तोडून वेगळी करा. आणि वेगळी केल्यावर अबोलीच्या शेजारी लावू नका.

नमस्कार.