अवकाशात आवाज जातो का? ‘नाही’ हे उत्तर अर्धंच आहे

नमस्कार मंडळी! आजचा विषय तुम्ही माझ्या मागे लागून करवून घेतलाय. कृष्णविवराचा आवाज म्हणून ती घुमणारी क्लिप फिरते ना, ती रोज कोणी ना कोणी मला पाठवतं आणि खाली एकच प्रश्न असतो : ‘ताई, शाळेत तर शिकवलं की अवकाशात आवाज जात नाही. मग हे काय?’

आधी सोपं ते पटकन उरकते. आवाज म्हणजे दाबाची लाट. एक कण पुढच्याला ढकलतो, तो त्याच्या पुढच्याला. हवेत ही लाट सेकंदाला साधारण 340 मीटर जाते, पाण्यात दीड किलोमीटरच्या आसपास, पोलादात पाच किलोमीटरहून जास्त. माध्यम नसेल तर आवाज नाही. हे तुम्हाला माहीत आहे, पुढे जाऊ.

आता घोळ कुठे होतो बघा. आपण म्हणतो, अवकाश म्हणजे पोकळी, म्हणून तिथे आवाज नाही. पण अवकाश पूर्ण रिकामं नाहीच! पृथ्वीच्या शेजारी सूर्याकडून कणांचा वारा सतत वाहत असतो. साखरेच्या एका क्यूबएवढ्या जागेत पाचेक कण सापडतात. इथल्या हवेत तेवढ्याच जागेत 25 वर 18 शून्यं इतके कण आहेत. पाच म्हणजे फारच कमी, कबूल. पण शून्य नाही. म्हणून ‘कण आहेत का’ असं विचारून भागत नाही. ते एकमेकांना धडकतात का, आणि किती अंतर गेल्यावर धडकतात, हे विचारायला हवं. आजच्या व्हिडिओतलं एवढं एक लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल.

संध्याकाळी दादरला लोकलमध्ये चढलाय कधी? दारातून कोणी रेटलं की तो धक्का पार पलीकडच्या दारात उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचतो. रेटणारा माणूस दारातच असतो, धक्का तेवढा पुढे जातो. आवाज असाच जातो. आता पहाटेची पहिली गाडी घ्या. डब्यात पाच माणसं, पाच कोपऱ्यांत. कोणी कितीही जोरात आत शिरलं तरी तो एकटाच चालत पुढे जाईल. धक्का द्यायला शेजारी कोणी नाही. माणसं आहेत, पण लाट नाही.

हेच आकड्यांत सांगते, कारण ‘उदाहरण नको, फिजिक्स सांगा’ म्हणणारीही मंडळी आहेत आणि त्यांचं बरोबर आहे. इथला हवेचा कण दुसऱ्याला धडकण्याआधी साधारण 70 नॅनोमीटर जातो, म्हणजे केसाच्या जाडीचा हजारावा भाग. पेटीवर पांढरी एकचा मधला सा वाजवला तर त्याची एक लाट सव्वा मीटरहून थोडी लांब असते. त्या एका लाटेत कोट्यवधी धडका बसतात, म्हणून ती टिकते. सूर्याच्या वाऱ्यात एका धडकेपासून दुसरीपर्यंतचं अंतर सूर्य ते पृथ्वी या अंतराच्या घरात जातं, म्हणजे 15 कोटी किलोमीटरच्या आसपास. तिथे सव्वा मीटरची लाट कशी उभी राहणार? चुंबकीय क्षेत्रामुळे तिथे वेगळ्या प्रकारच्या लाटा असतात, पण आपल्या बोलण्याला तिथे वाटच नाही.

यावरून आठवलं. आठवीत सरांनी प्रयोग दाखवला होता. काचेच्या हंडीत विजेची घंटा, खाली हवा काढायचा पंप. पंप सुरू झाला, आवाज बारीक होत गेला, पण बंद काही होईना. पहिल्या बाकावरून मला स्पष्ट किणकिण ऐकू येत होती. तरी प्रयोगवहीत आम्हाला लिहायला लावलं : ‘आवाज ऐकू येत नाही.’ मी ‘बारीक ऐकू येतो’ लिहिलं, तर त्यावर लाल रेघ! ती रेघ मला अजून टोचते, कारण माझं निरीक्षण खरं होतं. थोडा आवाज तारांतून आणि स्टँडमधून बाहेर येतो. आणि समजा पंपाने हजारातला एकच भाग हवा शिल्लक ठेवली, तरी दोन धडकांमधलं अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा कमीच असतं. म्हणजे हंडीच्या आत लाट चालूच असते! पण इतक्या विरळ हवेला जाड काच हलवता येत नाही, म्हणून आपल्याला बारीक ऐकू येतं. शिक्षक मंडळी बघत असतील तर हात जोडून विनंती, पोराने जे ऐकलं ते त्याला लिहू द्या.

आता त्या क्लिपकडे येऊ. ती पर्सियस दीर्घिकासमूहाची, म्हणजे अनेक गॅलेक्सींच्या झुंडीची आहे, सुमारे 24 ते 25 कोटी प्रकाशवर्षं दूर. मधोमध महाकाय कृष्णविवर, भोवती कोट्यवधी अंश तापलेला वायू. 2003 मध्ये चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीच्या छायाचित्रांत त्या वायूत तरंग दिसले. ‘तिथे खूप वायू आहे म्हणून आवाज’ असं सगळीकडे सांगतात, आणि इथे मला थांबवावंसं वाटतं. तो वायू एकूण प्रचंड आहे खरा, पण क्यूबभर जागेपुरतं बघाल तर पृथ्वीजवळच्या सूर्यवाऱ्याहूनही विरळ आहे! मग तिथे आवाज का? कारण तिथली एक लाट तीसेक हजार प्रकाशवर्षं लांब आहे. धडकांमधलं अंतर तिथेही अवाढव्यच, पण लाट त्याहून कितीतरी मोठी. सव्वा मीटरची लाट तिथेही मेली असती. ही जगते.

आणि तिचा सूर? [पेटी पुढे ओढून] बी फ्लॅट, म्हणजे आपली काळी पाच. ही ऐका. आता इथून खाली या. एक सप्तक खाली म्हणजे कंपनं निम्मी. माझी पेटी साडेतीन सप्तकांची, इथे संपली. कृष्णविवराचा सूर मधल्या सा च्या 57 सप्तकं खाली आहे. त्याचं एक कंपन पूर्ण व्हायला सुमारे एक कोटी वर्षं लागतात. 2022 मध्ये नासाने तो 57 आणि 58 सप्तकं वर चढवला, तेव्हा कुठे आपल्या कानाला लागला. म्हणून मित्रांनो, ‘अवकाशात माइक लावून रेकॉर्ड केलेला आवाज’ असं खाली लिहून ही क्लिप पाठवू नका. चित्रातली माहिती सुरांत बदललेली आहे.

हाच गोंधळ रेडिओ दुर्बिणीबाबत होतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. विज्ञान दिनाला मी गेले होते, तेव्हा शेजारी एक आजोबा नातवाला घेऊन उभे होते. त्यांनी विचारलं, ‘ऐकायचं कुठं?’ किती सरळ प्रश्न! रेडिओ लहरी ही प्रकाशाची भावंडं, त्यांना माध्यम लागत नाही, म्हणून त्या अब्जावधी वर्षांचा प्रवास करून खोडदला पोचतात. कानाला त्यातलं काही ऐकू येत नाही. ऐकायचं तर त्यांचा आधी आवाज करावा लागतो, घरातला रेडिओ करतो तसाच.

सूर्यातून ॐ ऐकू येतो अशीही एक क्लिप फिरते, आणि ते खरं का, हाही प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. माझ्या आजीची सकाळ ॐकाराने व्हायची, त्याबद्दल मनात आदरच आहे. सूर्याच्या पोटात आवाजाच्या लाटा खरोखर आहेत. त्यांचं एक कंपन साधारण पाच मिनिटांचं. सूर्याचा पृष्ठभाग त्यांनी वरखाली होतो आणि ते आपण प्रकाशावरून ओळखतो. ही थरथर सतत मोजणारी सहा ठिकाणं जगात आहेत, त्यातलं एक आपल्या उदयपूरला. पण ती कानाला ऐकवायची तर हजारो पटींनी वेगात वाजवावी लागते, आणि मग येते एक सलग घूं. त्यात अक्षर नाही. श्रद्धेला खोट्या क्लिपचा आधार कशाला?

शेवटची कमेंट सातवीतल्या एका मुलीची आहे, आणि मला ती सगळ्यांत आवडली. ‘दोन अंतराळवीरांचे रेडिओ बंद पडले तर?’ बाळा, त्यांनी हेल्मेटला हेल्मेट टेकवायचं आणि मोठ्याने बोलायचं. एकीच्या हेल्मेटमधली हवा काच हलवते, ती काच दुसरीची काच हलवते, आणि आवाज पलीकडच्या हवेत उतरतो. घरी करून बघ. लाकडी टेबलाला कान लाव, आणि भावाला दुसऱ्या टोकाला नखाने हळूच खरवडायला सांग. मग कान उचल, आणि पुन्हा खरवडायला सांग. काय फरक जाणवला ते खाली लिही, जसं ऐकलंस तसंच.