तिला काहीतरी खायला द्या

(एका लघु माहितीपटाचं निवेदन. निवेदक: वसईतल्या मराठी माध्यमाच्या ख्रिस्ती प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका)

[दृश्य: सकाळ. केळीच्या आणि मोगऱ्याच्या वाड्यांमधून जाणारा अरुंद रस्ता. दूरवर चर्चची घंटा.]

सकाळी पावणेसातला मी वर्गाचं कुलूप काढते. आत कालच्या खडूचा वास असतो. एखाद्या बाकाखाली विसरलेली पाण्याची बाटली असते. फळ्यावर तारीख घालते, तोवर पहिली चार-पाच पोरं दारात येऊन उभी राहतात. "बाई, येऊ?" हा प्रश्न मी रोज पंचेचाळीस वेळा ऐकते आणि रोज पंचेचाळीस वेळा "ये" म्हणते. कुणाचा आवाज रडवेला आहे, कोण न खाता आलंय, ते मला या दोन शब्दांतच कळतं.

मग प्रार्थना. "हे आमच्या स्वर्गातील बापा..." मुलं डोळे मिटतात, म्हणजे एक डोळा मिटतात. "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" ही ओळ आली की आवाज चढतो. सात वर्षांच्या मुलाला या प्रार्थनेतली पहिली समजणारी वस्तू म्हणजे भाकर. बाकीचं सगळं त्याच्यासाठी अजून लांब आहे.

[दृश्य: वर्गातली भिंत. क्रूस, शेजारी सावित्रीबाईंचं चित्र, बाराखडीचा तक्ता.]

आमच्याकडे पोर्तुगीज 1534 मध्ये आले. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसईचा किल्ला जिंकला आणि पोर्तुगीज गेले. त्यांच्या काळात ख्रिस्ती झालेली घरं इथेच राहिली, त्याच वाड्यांत, त्याच विहिरींवर. धर्म बदलला, बोली बदलली नाही. आजही इथले सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती, दोघांच्याही घरात कादोडी बोलली जाते. माझी आजी लाल लुगडं नेसून मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जायची. तिच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. ती गुडघे टेकून बसायची, पण कानावर पडणारा शब्द तिचा नव्हता. 1962 ते 1965 या काळात रोमला कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद झाली आणि वेदीवरून लोकांच्या भाषेत बोलायची वाट मोकळी झाली. आजी सांगायची, पहिल्यांदा मराठीत मिस्सा ऐकली तेव्हा तिला वाटलं, देव घरी आला.

त्याच मातीतून पुढे नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो मोठे झाले. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळाला, आणि 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्या दिवशी आमच्या शिक्षकांच्या खोलीत आम्ही पेढे वाटले होते.

[दृश्य: हजेरीपट. बोट नावांवरून खाली सरकतंय.]

हा हजेरीपट बघा. मी नोकरीला लागले तेव्हा यातली बहुतेक नावं ख्रिस्ती होती. आता निम्मीसुद्धा नाहीत. आमच्या समाजातल्या आईबापांनी मुलं इंग्रजी माध्यमात घातली. मी त्यांना दोष देत नाही. पण रिकाम्या झालेल्या बाकांवर जी मुलं आली, त्यांच्यामुळे ही शाळा उभी आहे, हे मला मोठ्याने म्हणायचंय. वाड्यांवर मजुरीला आलेल्या आदिवासी कुटुंबांतली मुलं, उत्तरेतून आलेल्या सुतारांची, गवंड्यांची मुलं, घाटावरून आलेल्या रिक्षावाल्यांची मुलं.

लोक विचारतात, मग ही ख्रिस्ती शाळा कशी? धर्मशिक्षणाच्या तासाला कॅथलिक मुलं एका वर्गात बसतात, बाकीची मूल्यशिक्षणाला दुसऱ्या वर्गात. राज्यघटनेचं कलम 28 सांगतं की अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कुठल्याही मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. ते योग्यच आहे. श्रद्धा सक्तीने शिकवता येत नाही, हे तर प्रत्येक धर्मशिक्षिकेला कायद्याच्या आधीच कळलेलं असतं. माझ्या मते शाळेचं ख्रिस्तीपण त्या एका तासात नसतं. उरलेल्या सगळ्या तासांत आपण मुलाशी कसे वागतो, त्यात ते असतं. आणि तिथेच मी एकदा चुकले.

[दृश्य: पहाटेची वाडी. म्हातारे हात मोगऱ्याच्या कळ्या खुडताहेत. टोपली भरते.]

दुसरीचा वर्ग होता. 'माझी सकाळ' यावर प्रत्येकाने चार वाक्यं बोलायची होती. एक मुलगा उभा राहिला. त्याची आजी पहाटे तीनला कंदील घेऊन वाडीत जाते, कळ्या खुडते, ओल्या फडक्यात बांधते आणि पहिल्या लोकलने ती फुलं दादरच्या बाजारात जातात, असं तो सांगत होता. किती सुंदर सांगत होता! पण कादोडीत सांगत होता. मी त्याला थांबवलं. "नीट बोल." त्याने पुन्हा सुरुवात केली. मी पुन्हा थांबवलं. तिसऱ्यांदा थांबवलं तेव्हा मुलं हसली आणि तो खाली बसला.

त्यानंतर दोन आठवडे त्याच्या तोंडून "हो बाई" आणि "नाही बाई" यापलीकडे काही आलं नाही. वाचायला सांगितलं की पुस्तकावर बोट ठेवून गप्प उभा राहायचा. मी घरी जाऊन माझ्या आईशी त्याच बोलीत बोलत होते. लहानपणी मलाही असंच फळ्यासमोर थांबवलं होतं, आणि तो ताप मी इतकी वर्षं विसरले होते. 'नीट' हा शब्द मी त्याच्या आजीलाच लावला होता.

मी काय केलं? आधी वर्गासमोर म्हणाले, "त्या दिवशी बाई चुकल्या." मग एका कार्डशीटवर ओळी आखून तक्ता केला आणि भिंतीवर लावला. वर लिहिलं: 'आपल्या घरचे शब्द'. पाणी, आई, भूक, पाऊस. ज्याने त्याने घरी विचारून यायचं आणि आपला शब्द आपल्या हाताने लिहायचा. शेजारी पाठ्यपुस्तकातला शब्द मी लिहायची. चुकीचा शब्द असा रकानाच नव्हता. एकदा त्याच तक्त्यावर पाव, चावी, बादली, नाताळ हे चार शब्द लिहिले आणि सांगितलं की हे पोर्तुगीजांच्या बोलीतून आपल्याकडे आले आणि आपलेच झाले. पोरांनी बादलीकडे असं पाहिलं, जणू ती जहाजातून आत्ताच उतरली आहे.

प्रमाण मराठी मी आजही शिकवते, आणि कसून शिकवते. त्यावाचून पुढची दारं उघडत नाहीत. पण आता ती घरच्या शब्दावरून चालत जाते. त्या मुलाने पहिल्यांदा धडाधड वाचले ते त्या तक्त्यावरचे शब्द होते.

[दृश्य: मुलं गोल करून जमिनीवर बसली आहेत. मध्ये शिक्षिका.]

त्याच वर्षी मी वर्गाला बायबलमधली याईराच्या मुलीची गोष्ट सांगितली. बारा वर्षांची मुलगी, घरात रडारड, येशू येतो, तिचा हात धरतो आणि म्हणतो, "तलीथा कूम." मुली, ऊठ. मार्कने त्याचं शुभवर्तमान, म्हणजे येशूची कथा सांगणारं बायबलमधलं पुस्तक, ग्रीकमध्ये लिहिलं, पण हे दोन शब्द त्याने तसेच ठेवले, अरामी भाषेतले. ती तिकडची घरातली, अंगणातली बोली.

वर्ग शांत होता. आणि तो मुलगा म्हणाला, "म्हणजे येशू तिच्याशी घरच्यासारखं बोलला."

मी वर्षानुवर्षं ही गोष्ट सांगत आले होते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

[दृश्य: मधली सुट्टी. नळावर हात धुणारी रांग. खिचडीचं पातेलं. वाफ.]

गोष्टीचा शेवट मुलांना सगळ्यात जास्त आवडतो. मुलगी उठते, चालायला लागते, सगळे थक्क होतात, आणि येशू म्हणतो, तिला काहीतरी खायला द्या. लगेच हात वर झाले. "बाई, काय दिलं तिला?" मी म्हटलं, लिहिलेलं नाही, तुम्हीच सांगा. तांदळाची भाकरी, म्हणाली एक. दुसऱ्याने सुकेळी म्हटलं, म्हणजे वाळवलेली केळी. सुताराची मुलगी म्हणाली, "रोटी और गुड." ज्याच्या डब्यात बहुतेक दिवस काहीच नसतं, तो म्हणाला, "खिचडी. गरम."

तेवढ्यात घंटा झाली. खिचडी वाढण्याआधी शिक्षकाने चाखायची असते, असा नियम आहे. मी चमचाभर तोंडात घातली. मीठ बरोबर होतं. मी मान हलवली आणि रांग पुढे सरकली.