माती परत देणारं घर

(दृश्य: मे महिन्यातली दुपार. वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात शेजारी-शेजारी उभी दोन घरं.)

मे महिन्यात वर्धा-चंद्रपूरकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो. डावीकडच्या घराच्या भिंती विटा-सिमेंटच्या आहेत, वर टिनपत्रे. अशा घरात दुपारी थांबवत नाही, माणसं खाट उचलून निंबाखाली येतात. उजवीकडे दीड हात जाडीची मातीची भिंत आणि वर कवेलू, म्हणजे भाजलेली कौलं. भिंतीतून ऊन आत पोचायला कित्येक तास लागतात. तोवर दिवस कलतो. रात्री दारं उघडली की भिंत पुन्हा निवते.

पण मातीच्या घराचं मोठेपण नुसत्या गारव्यात नाही. हे घर ज्या गावातून उभं राहिलं, त्या गावाला ते काय परत देतं, हे पाहू.

(दृश्य: भिंतीचा अगदी जवळून. सारवणाचा पापुद्रा निघालेली जागा.)

सारवण निघालंय तिथे कुटाराच्या काड्या दिसतात. गावठाणातली पांढरी माती, थोडा मुरूम, कुटार म्हणजे पिकाचा भुसा, आणि शेण. पाणी घालून हा गारा, म्हणजे चिखल, पायाने तुडवायचा, मुरू द्यायचा, पुन्हा तुडवायचा. कपाशीची काळी माती इथे चालत नाही. ती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते आणि भिंतीला भेगा पडतात. जाणता मिस्त्री पायासुद्धा काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खणतो. आतल्या आडभिंती कुडाच्या असतात. तुराट्या किंवा बांबूचा तट्टा उभा करायचा, दोन्ही बाजूंनी लिंपायचा. म्हणजे यातलं निम्मं सामान शेतातून आणि गोठ्यातून आलेलं. पुढे कधी घर पडलं तर ही माती नव्या भिंतीत जाते, नाहीतर बैलगाडीत भरून शेतात. जुन्या गावठाणाची माती खत म्हणून शेतात टाकायची रीत आपल्याकडे आहेच.

अमेरिकेतले भूदृश्य वास्तुरचनाकार (लँडस्केप आर्किटेक्ट) जॉन लायल यांनी 1994 साली याच विचारावर एक पुस्तक लिहिलं. इमारतीने पर्यावरणाचं नुकसान कमी करणं पुरेसं नाही. तिच्यामुळे तिथली माती, पाणी आणि जीवन सुधारलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आज जगभर याला पुनरुज्जीवी रचना म्हणतात.

सिमेंटचा हिशेब याच्या उलटा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात, कोरपना-राजुऱ्याकडे चुनखडी निघते, म्हणून तिथे सिमेंटचे कारखाने उभे राहिले. चुनखडी भट्टीत सुमारे 1450 अंशांपर्यंत तापवावी लागते. कोळसा जळतो तो वेगळा, खुद्द दगडातूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये सिमेंटचा वाटा सुमारे 7 ते 8 टक्के आहे. पाया, जोतं, न्हाणीघर इथे सिमेंट लागेल, लागू द्या. सगळं घरच त्यात का बुडवायचं?

मात्र मातीच्या घरात राहणाऱ्यांचे हाल झाकून हा विषय मांडता येणार नाही. उधई (वाळवी) लागते. भिंतीत साप शिरतात. वानरांची टोळी छपरावरून गेली की कवेलू फुटतात, आणि पावसाळ्याआधी कवेलू फेरणारा माणूस आता मिळत नाही. सारवण, पोतेरं, सडा हे सगळं बाईच्याच हाताला. लोक टिनाकडे वळले ते काही हौसेने नाही. त्या बाईचे कष्ट कमी होणार नसतील, तर मातीच्या घराचं कौतुक आम्हाला मान्य नाही.

(दृश्य: दत्तापूर, वर्धा. निमुळत्या मातीच्या नळ्या रचून केलेली कमान.)

या अडचणींवर वर्ध्यात काम झालं आहे. 1936 साली गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला आले, तेव्हा तिथली घरं माती, बांबू आणि कवेलूंनीच बांधली गेली. त्या परंपरेत 1976 साली ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू झालं. केंद्राच्या कमानीतल्या, कुंभाराने चाकावर घडवून भाजलेल्या या नळ्या पेल्यांसारख्या एकमेकींत बसतात. त्यांची कमान उभी राहते, कमानीला कमान जोडत छत तयार होतं, वरून गिलावा. लाकूड नाही, लोखंड नाही. वानरांनी कितीही नाचावं. आणि घराचा पैसा गावातल्या कुंभाराच्या हातात पडतो.

आता पाणी. सरकारी योजनेतलं घरकुल किमान 25 चौरस मीटरचं असतं. वर्ध्याकडे वर्षाला साधारण 1000 मिलिमीटर पाऊस धरला, तर तेवढ्याशा छतावर 25,000 लिटर पाणी पडतं. पन्हळ लावून ते टाक्यात किंवा विहिरीजवळच्या खड्ड्यात नेता येतं. न्हाणीचं पाणी रस्त्यावर न सोडता केळी-अळूला, उरलेलं शोषखड्ड्यात. दोन खड्ड्यांच्या संडासात एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा वापरायचा. वर्ष-दीड वर्षात पहिल्यातलं सोनखत शेताला मिळतं.

पूर्व विदर्भाने हा विचार अख्ख्या शिवाराच्या मापाने केला होता. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या काळातले) म्हणजे धानाचं पाणी, मासोळी आणि शेताला गाळ. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले आणि गावाचा त्यांच्यावरचा हात सुटत गेला. तलाव पुन्हा जिवंत करायचे तर आधी हा हात परत यायला हवा.

(दृश्य: ग्रामपंचायतीसमोर घरकुलाची यादी वाचणारे लोक.)

पंतप्रधान आवास योजनेत (ग्रामीण) सपाट भागातल्या घरकुलाला 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. 2016 पासून ही योजना सुरू आहे आणि स्थानिक साहित्य वापरायला तिच्या मार्गदर्शक सूचनांत जागा आहे. पण पहिला हप्ता जमा होतो, मिस्त्री दोरी लावून जोतं आखतो आणि सगळं तिथेच ठरून जातं. म्हणून बोलणं त्याआधी व्हायला हवं, ग्रामसभेत, घरकुलाचे अभियंता समोर असताना. भिंतीची माती गावाच्या कोणत्या जागेतून घ्यायची? कवेलू-नळ्या कोणत्या कुंभाराकडे सांगायच्या? पन्हळीचं पाणी कुठे न्यायचं, शोषखड्डा कोणत्या बाजूला? आणि हे विचारताना त्या घरात राहणारी, सारवणारी बाई सभेत पुढे बसलेली असावी.