सातबारा वाचता, तसा व्हिसा वाचा

दारव्हा तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेलं व्याख्यान, थोडं आवरून.

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, 'परदेशात नोकरीसाठी योग्य व्हिसा कसा निवडावा'. त्यावर येतोच. आधी मला सांगा, वावर विकत घेताना तुम्ही काय करता? सातबारा काढता. भोगवटदार कोण, क्षेत्र किती, 'इतर हक्क'मध्ये कोणत्या बँकेचा बोजा, हे तीनदा वाचून घेता. सरकीची पिशवी घेतली तरी पक्कं बिल मागता. मग घरचा पोट्टा ज्या कागदावर दोन वर्षांसाठी समुद्रापलीकडं जातो, तो कागद घरात कोणी काहून वाचत नाही?

(पुढच्या रांगेतून एक काका: "वाचता कुठं येते बाप्पा, अरबी असते ना!")

काका, बरोबर बोलले तुम्ही. माझी सारी कहाणी तिथंच आहे.

2010 साल. मी आयटीआय केलेला वेल्डर. एका एजंटानं सौदीत वेल्डरचं काम आहे म्हणून 90 हजार मागितले. बाबांनी बैलजोडी विकली, उरलेले पैसे कापसाचे चुकारे आले तसे दिले. पावती मागितली तर म्हणाला, "विश्वास नाही का माह्यावर?" असं कोणी म्हटलं की आपल्याकडं माणूस गप्प बसतो. बाबाही बसले. पोरंहो, पावती मागणं म्हणजे अविश्वास नाही, हे आज इथून घेऊन जा.

माझा पासपोर्ट ईसीएनआर, म्हणजे 'उत्प्रवास तपासणीची गरज नाही' असा, कारण मी दहावी पास. गावात मी तो मिरवला होता. त्याचा अर्थ नंतर कळला. 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली दहावी न झालेला माणूस आखाती देशांसह 18 देशांत कामाला निघाला, तर सरकारचा उत्प्रवासी संरक्षक त्याचा करार तपासतो, मगच मंजुरी देतो. दहावी पासाला ही मंजुरी लागत नाही. म्हणजे माझा कागद तपासणारं कोणीच नव्हतं, तो मीच वाचायला हवा होता.

तिथं पोचलो. वाटलं, हातात वेल्डिंगचा होल्डर येईल. आलं फावडं. खजुराची बाग, आणि मी पाण्याचे पाट वळवतोय. तीन आठवड्यांनी हैदराबादचे एक ड्रायव्हर चाचा भेटले. त्यांनी पासपोर्टावरचा व्हिसा वाचला आणि म्हणाले, "बेटा, इसमें तो मुज़ारे लिखा है." मुज़ारे म्हणजे शेतकरी. मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. शेतीतून सुटायला बैल विकून मी परक्याच्या शेतीवर गेलो होतो! कफिलाच्या, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा निघतो त्या मालकाच्या, सहीशिवाय देश सोडता येत नव्हता. चौदा महिने काढले. त्या साली बाबांनी पेरणी भाड्याच्या बैलांनी केली. ते मला कधी काही बोलले नाहीत, म्हणून जास्त लागतं.

कोणी म्हणेल, आता कायदे सुधारलेत. सुधारलेत. मार्च 2021 पासून सौदीत कामगाराला मालकाच्या संमतीशिवाय बाहेर पडायची, ठरावीक अटींवर नोकरी बदलायची मुभा आहे. पण घरकामगार, खासगी ड्रायव्हर, मेंढपाळ, माळी-शेतकरी यांना त्यातून वगळलंय. व्हिसावर वेल्डर लिहिलंय की शेतकरी, या एका शब्दानं माणसाचा हक्क बदलतो. हाच तो 'इतर हक्क'चा रकाना!

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत, साडेआठची एस.टी. आहे. आता भरभर सांगतो, लिहून घ्या.

आखातात जायचं तर आधी मालकाचं नाव असलेला करार, मग नोकरीचा व्हिसा, मग विमान. 'व्हिजिटवर जा, तिथं बदलून देऊ' याला होकार देऊ नका. 'आझाद व्हिसा' नावाचा व्हिसा कुठल्याच कायद्यात नाही. कागदावर एक मालक आणि काम दुसऱ्याकडं, म्हणजे पकडले गेले की दोषी तुम्ही. एजंटाची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघा. त्याला 30 हजार आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, तेही पावती देऊन.

जपानला 'विशिष्ट कुशल कामगार' व्हिसा आहे. जपानी भाषेची एन-4 पातळी आणि कामाची परीक्षा लागते. पहिल्या प्रकारात पाच वर्षं, कुटुंब नेता येत नाही. बायकोला हे आधी सांगा.

जर्मनीचं संधी कार्ड जून 2024 पासून सुरू आहे. वर्षभर तिथं राहून काम शोधता येतं. पण किमान दोन वर्षांचं व्यवसाय प्रशिक्षण हवं, जर्मन किंवा इंग्रजी हवी, आणि महिन्याला हजार युरोच्या वर पैसा आधी खात्यात दाखवावा लागतो. फिटर, इलेक्ट्रिशियनचा ट्रेड दोन वर्षांचा, वेल्डरचा एकच. आयटीआयचा फॉर्म भरतानाच हे बघा, नंतर पस्तावू नका.

ज्यांच्या घरी व्हिसा आलेला आहे, त्यांनी तो घेऊन मागच्या खोलीत थांबा. अरबी मी आता वाचतो. एस.टी. चुकली तर गाडीवर सोडून देईन.