किती दगावतात? आधी वय सांगा

नमस्कार श्रोतेहो.

सर्दी-तापाची साथ आली की एक प्रश्न हमखास कानावर येतो, "यात शंभरातले किती दगावतात हो?" प्रश्न रास्त आहे. पण उत्तरादाखल एकच आकडा दिला, तर तो घरातल्या कुणालाच नीट लागू पडत नाही. श्वसनमार्गाचे विषाणू माणसाचं वय बघून वागतात, आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी.

आपण पुणेकरांनी अशा दोन साथी जवळून पाहिल्या. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तो पुण्यात, १४ वर्षांच्या शाळकरी मुलीचा. शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयात तपासणीसाठी गर्दी उसळली. स्कार्फ गुंडाळून दुचाकी चालवणाऱ्या मुलींची थट्टा करणारे काकासुद्धा तोंडाला रुमाल बांधून फिरू लागले! पुढे ९ मार्च २०२० ला करोनाचे राज्यातले पहिले रुग्णही पुण्यातच सापडले. शहर एकच, पण जिवाला जास्त धोका कुणाच्या, हे दोन्ही वेळी वेगळं होतं.

एरवीच्या हंगामी फ्लूत मुख्यतः म्हातारी माणसं जातात. अमेरिकेत अशा मृत्यूंपैकी ७० ते ८५ टक्के ६५ वर्षांपुढच्यांचे असतात. २००९ मध्ये हे पार उलटलं. जगभरातले सुमारे ८० टक्के मृत्यू ६५ च्या आतल्यांचे होते, असा अंदाज आहे. गरोदर बायकांना तर विशेष धोका. असं का झालं? १९१८ च्या फ्लूच्या महासाथीतल्या विषाणूचे वंशज १९५७ पर्यंत जगात फिरत होते. ज्यांचं बालपण त्या काळात गेलं, त्यांच्या शरीराला स्वाइन फ्लूच्या या घराण्याची जुनी ओळख होती. म्हणून आजोबा निभावले आणि नातू तापाने फणफणला. खुद्द १९१८ मध्ये मात्र वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसं पटापट गेली. त्याची कारणं अभ्यासक आजही शोधताहेत.

करोनाचा आलेख वयाबरोबर चढतच जातो. लस येण्यापूर्वी, २०२० मध्ये, अनेक देशांच्या माहितीवरून एक हिशेब मांडला गेला. लागण झालेल्या दर लाखामागे मृत्यू किती? दहाव्या वर्षी २, पंचविशीत १०, पंचावन्नाव्या वर्षी ४००, पासष्टीला १,४०० आणि पंच्याऐंशीला १५,०००. आता याची सरासरी काढून काय कपाळ सांगणार?

इथेच लोक फसतात. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितलं, की करोनाने गेलेल्यांत सुमारे ५३ टक्के लोक साठीच्या पुढचे आहेत. लगेच चर्चा सुरू, "म्हणजे जवळजवळ निम्मे साठीच्या आतले! मग वयाचं काय घेऊन बसलात?" पण २०११ च्या जनगणनेत साठीपुढचे लोक होतेच मुळी ८.६ टक्के. इतक्या थोड्या लोकांतून निम्म्याहून जास्त मृत्यू. ढोबळ मानाने माणशी धोका बारापट झाला. मृत्यूंची विभागणी वेगळी आणि त्या त्या वयाचा मृत्युदर वेगळा.

दुसरी अडचण छेदाची. नोंदलेल्या रुग्णांनी भागायचं की लागण झालेल्या सगळ्यांनी? २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यातल्या पाच प्रभागांत रक्ततपासणी झाली. ५१.५ टक्के लोकांत करोनाची प्रतिपिंडं सापडली. म्हणजे कितीतरी जणांना होऊन गेला, पण कुणाच्याच वहीत नोंद नाही. अशा वेळी नोंदलेल्या रुग्णांवर काढलेला मृत्युदर फुगतो. अर्थात मृत्यूही नोंदायचे राहतात, तेव्हा त्या बाजूलाही डोळे मिटून चालत नाही.

तान्ह्या बाळांचा वैरी वेगळाच आहे. त्याचं नाव आरएसव्ही, हाही श्वसनमार्गाचाच एक विषाणू. मोठ्यांना बहुधा साधी सर्दी होते, पण बाळाच्या फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिका सुजतात, चोंदतात आणि श्वास अडतो. २०१९ मध्ये जगात पाच वर्षांखालची एक लाखाहून जास्त मुलं याने गेली असावीत असा अंदाज आहे, त्यातली सुमारे ४५ हजार सहा महिन्यांच्या आतली. यातले ९७ टक्क्यांहून जास्त मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. म्हणजे वयाच्या जोडीला ऑक्सिजन मिळणारं रुग्णालय किती लांब, हाही प्रश्न आलाच. आणि हाच विषाणू सत्तरीतल्या, दम्याच्या माणसालाही आडवा करतो. आलेख दोन्ही टोकांना वर.

आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर धरतो, म्हणून लशीबद्दल डॉक्टरांना विचारायचं ते पाऊस सुरू होण्याआधी. घरात साठीपुढचं कुणी, मधुमेहाचं किंवा दम्याचं माणूस असेल तर नक्कीच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र फ्लूची लस देता येत नाही. त्याला संरक्षण मिळतं ते आईने गरोदरपणी लस घेतली असेल तर.

नमस्कार.